नरसम्माची दोन दुखणी

नरसम्मा,

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. मी तिसऱ्या दिवशीच शाळेत गेले. हेडबाईंनी विचारलं, "कोण होत्या त्या तुमच्या?" मी म्हटलं, मैत्रीण. एवढं उत्तर त्यांना पुरलं नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. बहीण म्हटलं असतं तर चार दिवसांची रजा मिळाली असती. मैत्रिणीसाठी रजा मागायची सोय नाही. दुसरीच्या मुलींना पाढे म्हणायला लावले आणि त्यांच्या आवाजात मी तेवढा वेळ काढला.

तू कशानं गेलीस, याबद्दल गावात दोन प्रकारे बोलतात. साखर पेठेत तुझ्या भावाकडे भेटायला आलेल्या बायका म्हणत होत्या, क्षयाच्या माणसांची सेवा करून करून पोरीनं तोच रोग ओढवून घेतला. तुझ्या दवाखान्यातल्या नर्सा म्हणतात, पोटात वाईट गाठ झाली, तिनं नेलं. दोन्ही खरं आहे. मला कुणी विचारलं तर मी काहीच बोलत नाही, कारण आपलं दोघींचं भांडण याच गोष्टीवरून होतं आणि ते अर्ध्यावर सोडून तू गेलीस.

बसूपासून सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण मला एकदा पहिल्यापासून सांगू दे.

माझा धाकटा भाऊ बसू गिरणीच्या हजेरीखात्यात कारकून होता. छातीच्या क्षयानं त्याला घरी बसवलं, तेव्हा तू आठवड्यातून दोनदा इंजेक्शन द्यायला आमच्याकडे यायचीस. मी तुला नर्सबाई म्हणायची, तू मला मास्तरीणबाई. मग शहरात लष्करी कायदा लागला. संध्याकाळनंतर रस्त्यावर पाऊल टाकायची चोरी झाली. दुपारी आलीस की तुला साखर पेठेत परत जायला उशीर व्हायचा, म्हणून तू आमच्याच मधल्या खोलीत राहू लागलीस. माणसाची ओळख व्हायला इतके थोडे दिवस पुरतात हे मला तेव्हा कळलं.

तू आलीस आणि आमचं घर दवाखाना करून टाकलंस. थुंकायच्या भांड्यात कार्बोलिकचं औषध, अंथरूण रोज उन्हात, खिडकी उघडी, बसूची भांडी वेगळी आणि ती उकळलेली. एकदा मी त्याच्या कपातला उरलेला चहा प्यायला गेले, तर तू कप माझ्या हातातून काढून घेतलास आणि चहा मोरीत ओतलास. मी नवरा गेलेली, भाऊ अंथरुणाला खिळलेला, आणि ही कोण कुठली मुलगी मला माझ्या घरात दटावते, म्हणून त्या दिवशी मी तुझ्याशी बोलले नाही.

पण बसूनं जेवण सोडलं. ताट समोर ठेवलं की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. म्हणायचा, कुत्र्याला वेगळं वाढतात तसं मला वाढता. तीन दिवस तो फक्त पाण्यावर होता. चौथ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तू त्याच्या अंथरुणाजवळ खाली बसलीस, त्याचं ताट ओढलंस, भाकरीचा तुकडा मोडून डाळीत बुडवून खाल्लास आणि ताट त्याच्याकडे सरकवलंस. तो तुझ्याकडे बघत राहिला. मग जेवला. पुढचे चार-पाच दिवस तू रोज असंच केलंस, त्याचा हात आपोआप ताटाकडे जाऊ लागेपर्यंत.

मी हे पाहिलं आहे हे तुला माहीत नव्हतं. मी तुला थांबवलं नाही. नरसम्मा, मला त्या वेळी भीती वाटली नाही, वाईट वाटलं नाही. माझा भाऊ जेवतो आहे, एवढाच आनंद झाला.

दिवाळीनंतर बसू गेला. तुझं आमच्याकडे काही काम उरलं नाही, तरी पुढच्या रविवारी तू आलीस. दारात उभी राहून म्हणालीस, इकडून जात होते म्हणून आले. आमच्या गल्लीवरून पुढे कुठेच जाता येत नाही, हे आपल्या दोघींनाही ठाऊक होतं.

मग तुझी वरच्या दर्जाची परीक्षा निघाली. पेपर मराठीत लिहायचा होता. आमच्या घरी कानडी, तुझ्या घरी तेलुगू. आपल्या दोघींना समजणारी भाषा एकच, आणि तीही दोघींनी शाळेत शिकलेली. रविवारी दुपारी मी तुझं लिखाण तपासायची. रोगी, जखम, पट्टी सगळं बरोबर, पण 'तो चमचा दिली', 'माझा आई आला'. मी लाल शाईनं खुणा करायची आणि तू चिडायचीस.

"चमचा बाप्या आणि वाटी बाई, हे कुणी जाऊन बघितलं की?" असं तू म्हणालीस तेव्हा बसू गेल्यापासून पहिल्यांदा मी हसले. तू पास झालीस. त्या दिवसापासून मी मास्तरीणबाईची अक्का झाले. तुझ्या भाषेतही मोठी बहीण अक्काच आणि माझ्याही. तेवढा एक शब्द आपल्याला शिकावा लागला नाही.

तीन वर्षं अशी गेली. मग संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला, माझ्या लक्षात आलं की तुझं पोलकं खांद्यावरून उतरतं आहे. विचारलं तर म्हणालीस, वॉर्डात काम लई हाय. खरं काय ते तू त्याआधीचे दोन महिने लपवलं होतंस. जेवल्यावर दोन तासांनी बेंबीभोवती पिळवटून यायचं, जुलाब थांबत नव्हते, संध्याकाळी अंगात कसकस असायची. दुसऱ्याच्या अंगात एवढं दिसलं असतं तर तू त्याला उभ्याउभ्या डॉक्टरांकडे नेलं असतंस.

तुझ्या दवाखान्यातल्या वयस्कर डॉक्टरांनी तपासलं आणि आतड्याचा क्षय म्हणून सांगितलं. त्यांनी आयुष्यभर हाच रोग पाहिला होता. त्यांचं निदान चुकत नाही असं सगळे म्हणायचे, तूही म्हणायचीस. विश्रांती, ऊन, दूध, अंडी, माशाचं तेल, आणि वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. तुझ्या भावाच्या घरी राहणं शक्यच नव्हतं. राजय्याच्या दोन खोल्यांत दोन माग, हवेत सुताचा कोंडा आणि जमिनीवर रांगणारी दोन पोरं. मी टांगा घेऊन आले आणि तुला शुक्रवार पेठेत आमच्या घरी घेऊन गेले. राजय्या टांग्याच्या मागे चालत पेठेच्या कोपऱ्यापर्यंत आला. 

तू येताना एक गाठोडं आणलंस. त्यात तुझं स्वतःचं ताट, वाटी, पेला. मी रागावले. तू म्हणालीस, "शिकवलेलं विसरलीस काय अक्का?"

अंड्याची गोष्ट मी शाळेत कुणाला सांगितलेली नाही. आमच्या लिंगायत घरात सात पिढ्यांत कुणी अंडं आणलं नव्हतं. गळ्यात लिंग घालून मी पहिल्यांदा अंडं हातात घेतलं तेव्हा ते एवढं हलकं असेल असं मला वाटलं नव्हतं. अंगणात वेगळी चूल मांडली. किती वेळ उकळायचं ते विचारायची लाज वाटली म्हणून डाळ शिजायला लागते तेवढा वेळ उकळलं. तू ते फोडलंस, बघितलंस आणि म्हणालीस, "हे भिंतीला मारलं तर भिंत पडंल." शेजारच्या काकूंनी महिनाभर आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. अंड्याचा वास मात्र मला शेवटपर्यंत सोसला नाही, हे आता सांगते.

एका दुपारी तू जेवत नव्हतीस. मी तुझ्याजवळ बसले आणि तुझ्या ताटातली भाकरी मोडायला हात पुढे केला. तू माझ्या हातावर चापट मारलीस, चांगली जोरात. ताट घेऊन उठलीस आणि अंगणात जाऊन जेवलीस. बसूसाठी जे तू केलंस, ते तुझ्यासाठी मला करू दिलं नाहीस.

तरी तुला बरं वाटू लागलं होतं. पाडव्यापर्यंत ताप उतरला. जुलाब कमी झाले. पोलकं पुन्हा अंगाला बसू लागलं. डॉक्टर दर गुरुवारी येऊन बघायचे आणि खूश होऊन जायचे. मीही खूश होते. फक्त तू नव्हतीस.

वैशाखात तू एकदा मला जवळ बोलावलंस, माझी बोटं धरून तुझ्या पोटावर उजव्या बाजूला खाली ठेवलीस आणि दाबायला लावलंस. लिंबाएवढं काहीतरी कठीण हाताला लागलं. तू म्हणालीस, "ताप गेला आणि गाठ वाढली. क्षयाची गाठ अशी वागत न्हाय अक्का. हितं दुसरं कायतरी हाय."

त्या गुरुवारी तू डॉक्टरांना तेच सांगितलंस. ते हसले. म्हणाले, क्षयानं आतडी एकमेकांना चिकटतात, तीच हाताला लागतात, वेळ द्यायला हवा. तू पुन्हा म्हणालीस. तेव्हा ते जरा चिडले. "नरसम्मा, एका रोग्याला एक रोग पुरे असतो. दोन शोधत बसलं की एकाचाही इलाज नीट होत नाही."

ते गेल्यावर तू माझ्याकडे बघितलंस. मी काय बोलते याची तू वाट बघत होतीस. आणि मी म्हटलं, तू थोडं शिकलेली आहेस, म्हणून तुला जास्त भीती वाटते. डॉक्टरांचे केस याच कामात पांढरे झालेत. त्यांच्यावर विश्वास ठेव.

तू मान हलवलीस. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस. मी मात्र तुला अधूनमधून स्वतःचं पोट चाचपताना बघायची आणि मुद्दाम दुसरीकडे बघायची.

आषाढात एका सकाळी तू घासभर भात खाल्लास आणि तासाभरात तुझं पोट घागरीसारखं फुगलं. आतून गुरगुर ऐकू येत होती, मला, तीन हातांवरून. मग उलट्या. दुपारपर्यंत तुझे डोळे खोल गेले. टांग्यात मी तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तू दर धक्क्याला दात आवळत होतीस. दवाखान्यात नुकताच एक तरुण सर्जन आला होता. त्यानं पोटावर हात ठेवला, एका जागी थांबला, वयस्कर डॉक्टरांकडे बघितलं आणि म्हणाला, आतडं बंद झालंय, आजच उघडावं लागेल. डॉक्टरांनी मान डोलावली. तुझ्याच नर्सांनी तुला नेलं. एक जणी रडत होती, तिला तू आत जाता जाता म्हणालीस की हात धू.

लहान आतडं जिथं मोठ्याला मिळतं, तिथला वीतभर तुकडा सर्जननं काढला आणि दोन टोकं जोडली. तुकडा बरणीत घालून मुंबईला तपासायला पाठवला. तीन आठवडे उत्तराची वाट पाहिली. तेवढ्यात तू उठून बसू लागलीस, भात-दूध जिरू लागलं. मी मनात म्हणत होते, मिटलं.

उत्तर इंग्रजीत टाईप केलेलं होतं. सर्जननं मला आणि राजय्याला व्हरांड्यात बोलावलं आणि समजावून सांगितलं. म्हणाला, सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी दिसल्या. आतड्याच्या आतल्या बाजूला क्षयाचे व्रण आहेत, त्यांतले काही भरत आलेले. आणि त्याच तुकड्यात, त्या व्रणांना लागूनच, दुसरा रोग आहे. शरीरात ज्या रसाच्या गाठी असतात त्यांच्या जातीची वाढ, कॅन्सरसारखी. तिनंच आतडं बंद केलं होतं. ती आजूबाजूच्या गाठींत पोचली आहे. राजय्यानं विचारलं, म्हणजे पहिलं निदान खोटं होतं? सर्जन म्हणाला, नाही, पूर्ण खरं होतं. दोन्ही आहेत. एकाच जागी दोन्ही असणं फार क्वचित. मी पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं पहिल्यांदाच.

तुला कसं सांगायचं हे आम्ही ठरवत होतो. आत आलो तर तू कागद वाचून घडी घालून उशीखाली ठेवला होतास. नर्सांपैकी कुणीतरी त्या उत्तराचं मराठी उतरून तुला आधीच आणून दिलं होतं. तू म्हणालीस, "दोन हायत. मी म्हटलं होतं की."

संध्याकाळी वयस्कर डॉक्टर एकटेच आले. खुर्चीवर बसले नाहीत, खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. एवढा मोठा माणूस, आणि हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. म्हणाले, "नरसम्मा, मी अर्धाच बरोबर होतो. अर्ध्यावरच थांबलो."

तू म्हणालीस, "साहेब, तुमचा अर्धा बरा झाला की. कागदात लिवलंय, भरत आलाय म्हणून."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि गेले. मी त्या दिवशी तुझ्यावर रागावले होते. एवढं सहज का माफ केलंस असं वाटलं. पण माझा राग त्यांच्यावर नव्हताच, हे मला आता कळतं.

पुढे काय करायचं, हे सर्जननं तुझ्यासमोरच सांगितलं. मुंबईला किरणांचा उपचार आहे, त्यानं अशा गाठी विरघळतात. पण अंगात क्षय आहे. किरणांनी अशक्तपणा आला की भरत आलेले व्रण पुन्हा उसळू शकतात. आणि काहीच केलं नाही तर गाठी वाढतील. तू विचारलंस, मुंबईहून किती जण बरे होऊन आले ते तुम्ही बघितलंय? तो खरं बोलणारा होता म्हणून गप्प राहिला.

आठवडाभर मी तुझ्यामागे लागले होते की आपण मुंबईला जाऊ, मी बिनपगारी रजा घेते. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, बघू. शेवटी म्हणालीस, "एकाला मागच्या दारानं काढायचं म्हणलं तर दुसरा पुढच्या दारानं येतोय. घर तर माझंच हाय. राहू दे मला हितंच."  आजही तू बरोबर होतीस की नाही हे मला माहीत नाही.

भाद्रपदातली ती दुपार तुला आठवत असेल. अंगणात खाटेवर तू पाय पसरून बसली होतीस आणि आपण दोघी शेंगा फोडत होतो. मी दाणे सुपात टाकत होते आणि एकाएकी माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, नरसम्मा, हे आमच्या घरातून तुला लागलं. तू बसूच्या ताटात जेवलीस ते मी दारातून पाहिलं होतं. मी थांबवलं नाही.

तुझा हात थांबला. तू म्हणालीस, वॉर्डात मी इतकी वर्षं काढली, कुठल्या खोकल्यातून आलं ते कोण सांगणार? आणि क्षय तर बरा होत होता, कागद हाय माझ्याकडं. मला नेणारा तो दुसरा आहे आणि तो कुणाकडून येत नसतो, सर्जनला विचार.

मी म्हटलं, हे तू माझ्या समाधानासाठी बोलतेस. पहिल्या रोगानं अंग पोखरलं म्हणूनच दुसरा शिरला नसेल कशावरून?

मग तू रागावलीस. एवढी रागावलेली मी तुला पूर्वी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र चढला नव्हता.

"तुला सगळा दोष तुझ्याकडंच पायजे, अक्का. बसूला तूच मारलंस, मला पण तूच मारलंस. मग आमी काय केलं? त्याच्या ताटात मी माझ्या मनानं जेवले. मला ठावं होतं काय होऊ शकतंय ते. माझ्या सगळ्या नोकरीत मी मनापासून केलेली तेवढी एकच गोष्ट हाय. ती माझी हाय. ती तू घेऊ नको."

असं बोलून तू शेंगांचं सूप बाजूला सारलंस आणि कुशीवर वळलीस. मी टरफलं गोळा केली. संध्याकाळी तू ताक मागितलंस, मी दिलं, आणि आपण राजय्याच्या नव्या मागाबद्दल बोललो. त्या विषयावर आपण पुन्हा कधी आलो नाही. मला अजून बोलायचं होतं. मी सर्जनला खरोखरच विचारलं होतं. तो म्हणाला, पहिल्यामुळे दुसरा झाला की दोघे शेजारी शेजारी आले, हे आज जगात कुणालाच सांगता येत नाही. हे उत्तर मी तुला सांगितलं नाही. तुझ्या बाजूनं ते अर्धं होतं आणि माझ्या बाजूनं अर्धं.

पण नरसम्मा, ताटाचं मी बोलले ते एका परीनं सोपं होतं म्हणून बोलले. जे अवघड होतं ते मी बोललेच नाही. वैशाख ते आषाढ. तू माझी बोटं धरून ती गाठ मला दाखवली होतीस. तुला खात्री होती. तुझ्या बाजूनं एक माणूस उभं राहिलं असतं तर तू दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली असतीस, गाठ लिंबाएवढी असतानाच पोट उघडलं असतं. ते माणूस मी होते. आयुष्यभर मी मुलींना सांगत आले की शिका, विचारा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि माझ्या घरात एक शिकलेली बाई स्वतःच्या अंगाबद्दल खरं सांगत होती, तर मी तिला म्हटलं की तू थोडंच शिकली आहेस.

तू एकदाही मला त्याची आठवण दिली नाहीस. मी पुष्कळदा वाट पाहिली. तू बोलली असतीस तर मी पाय धरले असते. तू बोलली नाहीस, आणि मी आपण होऊन तोंड उघडलं नाही. आज लिहून सांगते. माझी चूक झाली. ही माझी आहे, नरसम्मा, आणि ही तू घेऊ नको.

दसऱ्यानंतर तुझ्या मानेत गाठी आल्या, मग काखेत. तरी दोन वेळा तू टांग्यातून वॉर्डात गेलीस, खुर्चीवर बसून नव्या मुलींना पोट कसं चाचपायचं ते शिकवायला. बोटांच्या टोकांनी नाही, बोटं सपाट ठेवून, आणि रोग्याच्या तोंडाकडे बघत. एकीला म्हणे तू तुझ्याच पोटावर हात ठेवायला लावलास. तिनं मला ते तुझ्या दहाव्या दिवशी सांगितलं.

दहाव्या दिवशी वयस्कर डॉक्टरही आले होते. माझ्या ओसरीवर बसले, चहा घेतला. बराच वेळ गिरणीचं, पावसाचं बोलले. उठताना म्हणाले, परवा सांगोल्याकडून एक धनगर बाई आली होती. ताप, जुलाब, पोटात गाठ. औषध लिहून दिलं, मग चिठ्ठी परत घेतली आणि तिला म्हटलं, बाई, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय? ती म्हणाली, सायेब, मला कोण असं विचारलं न्हाय आजवर. एवढं सांगून ते पायऱ्या उतरले. त्या बाईचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. उद्या जाईन.

आता एकच गोष्ट राहिली. ती मी राजय्यालाही सांगितलेली नाही.

त्या दिवशी सकाळपासून तुझा श्वास लागत होता. शेजारच्या काकूंच्या गड्याला मी राजय्याला बोलवायला साखर पेठेत पाठवलं. ऊन खिडकीतून खाटेवर आलं होतं. तू डोळे उघडलेस आणि माझ्याकडे बघितलंस. ओळखीचं बघणं होतं, भ्रमातलं नव्हतं. आणि तू बोलू लागलीस. शांतपणे, थांबत थांबत, पुष्कळ बोललीस. सगळं तेलुगूत.

इतकी वर्षं मी तुझी मराठी तपासत आले, चमच्याला बाप्या केलं नाहीस म्हणून लाल खुणा केल्या. तुझ्या भाषेतले दहा शब्द मी शिकले नव्हते. तुला सांगावं असं वाटलं की नरसम्मा, मला कळत नाही, मराठीत बोल. पण तुझ्या तोंडावर इतका विश्वास होता की मी समजते आहे. मी तुझा हात धरला. मधूनमधून तू थांबायचीस, मी मान हलवायची. दोन वेळा 'अक्का' ऐकू आलं. शेवटी तू काहीतरी विचारलंस. शब्द कळला नाही, पण आवाज वर गेला, तेवढ्यावरून प्रश्न आहे हे कळलं. तू उत्तराची वाट बघत होतीस.

मी म्हटलं, हो.

तू माझा हात दाबलास आणि डोळे मिटलेस. राजय्या आला तोवर तू नव्हतीस.

तू काय मागितलंस, काय विचारलंस, मला माहीत नाही. त्यातले दोन-तीन आवाज अजून कानात आहेत. राजय्यापुढे जाऊन ते म्हटले तर तो अर्थ लावून देईल. आज साखर पेठेच्या कोपऱ्यापर्यंत गेले होते. मागांचा खटखट आवाज येत होता. तिथूनच परत आले. अर्थ काहीही असो, तू विचारलंस आणि मी हो म्हटलं आहे.

तुझी,
अक्का